दादाच्या चिठ्ठीची तिसरी ओळ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. वहिनी रडत नव्हती. "बाई, तुमचे दादा उठून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली आणि मग फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. यशवंतदादा दुपारचं जेवून दुकानात गेला होता, कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता, आणि बसल्या जागीच त्याचं डोकं टेबलावर टेकलं. सोल्डरिंग आयर्न तापलेलंच होतं. समोरच्या चहावाल्याला वाटलं, माणूस दमला असेल, झोपू द्या... देवरीहून बस पकडून मी गावी पोचले तोवर घरासमोर मांडव पडला होता. साठ वर्षंही पूर्ण केली नाहीत माझ्या भावानं.

पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारात. वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, लोक बोलायला उभे राहिले. आमचे माजी सरपंच उठले, खाकरले आणि म्हणाले, "त्या बोटीचं सोडलं, तर यशवंत लाखात एक माणूस होता." आणि लोकांनी माना हलवल्या! ज्यांच्या घरचे रेडिओ, टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारी या माणसानं पंचवीस वर्षं जिवंत ठेवल्या त्यांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसाला तुम्ही मोठ्या मनानं माफ करता? कशाबद्दल? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उठले नाही. अशा वेळी न उठण्याची माझी ही दुसरी खेप. पहिली खेपही सांगणार आहे, म्हणूनच लिहायला बसले आहे. त्या बोटीचं सोडायचं नाही. तीच सांगायची.

आधी दादा कोण होता ते सांगते. आमच्या बापाकडे शेतीचा तुकडाही नव्हता, दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला जायचे आईबाप दोघंही. पण बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून शाळा मात्र सुटू दिली नाही. दादानं गोंदियाला आयटीआय केलं आणि नवं शतक लागायच्या आदल्या वर्षी बसस्टँडजवळ टीनाचं दुकान टाकलं. पाटी नव्हती. लोकच 'यशवंत रेडिओ' म्हणायला लागले. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला तो दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचा. लग्नपत्रिका घरोघरी येतातच, त्यांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या करायच्या. चिठ्ठीवर तीन ओळी. काय सापडलं, काय केलं, आणि तिसरी ओळ, कशाची खात्री देत नाही. बाकीचे दुकानदार छातीवर हात मारून हमी द्यायचे, हा पठ्ठ्या जे माहीत नाही ते लिहून द्यायचा! गिऱ्हाईक बिचकायचं. मी म्हणायचे, दादा, अशानं धंदा बसेल. तो म्हणायचा, "डॉक्टरनं नाई सांगतलं तर मरते माणूस, मी नाई सांगतलं तर मशीन मरते." एका गुरुजींच्या रेडिओच्या चिठ्ठीवर त्यानं तिसरी ओळ लिहिली होती, 'आवाज चांगला. बातम्यांची खात्री देत नाही.' गुरुजींनी ती चिठ्ठी कधी सोडलीच नाही. दादाचं अक्षर मात्र वाकडंतिकडं, कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणून सुट्टीत मी घरी असले की चिठ्ठ्या मी लिहायची. तो सांगायचा, मी लिहायची. लहानपणापासूनचं आमचं ठरलेलं काम.

आणि मग आमच्या तलावात ती बोट आली. पर्यटन वाढवायचं होतं म्हणे. ट्रकवरून आली, पांढरीशुभ्र, मधे उंच डोलकाठी, निळं शीड. अख्खं गाव पाळीवर, तलावाच्या बांधावर, जमलं. त्यात तीन यंत्रं बसवलेली होती, एक दिशा सांगणारं, एक वाऱ्याचा वेग सांगणारं आणि एक बोटीखाली पाणी किती खोल आहे ते सांगणारं. सोमा नावाडी आमच्याच गावचा, धीवर, पिढ्यान्‌पिढ्या त्या तलावात डोंगा चालवणारा. त्याला त्या बोटीवर नोकरी लागली. बायका त्याला चिडवायच्या, सोमाभाऊ, तुले टीव्ही पाहाले पाठोलं का डोंगा चालवाले? सोमा हसायचा. पण खोलीचं यंत्र काही शोभेचं नव्हतं. तलावाच्या धरणाची भिंत वाढवली तेव्हा जुनं जंगल पाण्याखाली गेलं, मोहाची, सागाची झाडं कापली ती कंबरभर उंचीवर. ते खुंट अजून पाण्यात उभे आहेत. डोंगा वरून निघून जातो. पण या बोटीचं पोट खाली खोल उतरलेलं. खुंटावर गेली की संपलं.

दिवाळीच्या सुट्या होत्या. मी गावीच होते. एकाएकी वादळ आलं, कापून ठेवलेल्या धानाचे कडपे उडाले, आणि काठाला बांधलेली बोट कलंडून अर्धी पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी सोमानं आणि चार जणांनी ती सरळ केली, पाणी उपसलं. तिन्ही यंत्रं भिजलेली, आत चिखल. आणि चार दिवसांनी मोठे पाहुणे बोटीत बसायला येणार होते! बोटीचा कारभार बघणारे साहेब नागपूरकडचे. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहायची लायकी नाही. त्यांना कुणीतरी सुचवलं, साहेब, तांदळात घाला. आमच्याकडे तांदूळ म्हणजे सगळ्यावर औषध. मोबाईल भिजला, घाल तांदळाच्या डब्यात. लपवत नाही, माझाही मोबाईल एकदा डब्यात दोन दिवस झोपला होता. पण या शहाण्यांनी डब्यावर भागवलं नाही. उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये, जिथे उकडलेला धान गरम हवेनं वाळवतात, तिथल्या गरम गरम धानात तिन्ही यंत्रं गाडली. झाकणाचे स्क्रू सैल करून, म्हणजे लवकर वाळतील! दीड दिवस. मिलचा मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं ढीग दाखवत होता.

बाहेर काढली, बोटीत लावली, बटन दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, दहा वेळा दाबलं. आणि मग, सगळे उपाय थकल्यावर, आमच्या टीनाच्या दुकानाची आठवण झाली. दादानं पहिलं झाकण उघडलं तर आतून टेबलावर कोंडाच पडला. उसन्या धानाचा वास सुटला दुकानभर. सर्किटवर चिखलाची साय, त्यावर कोंडा चिकटून वाळलेला. दादा सहसा चिडत नसे. त्या दिवशी चिडला. "धानात काऊन घातलं? पाणी उडून जाते, माती उडून जाते का? आन्‌ वल्या मशीनले करंट कायले देल्ला?" साहेबांचा माणूस टेबलावरचा कोंडा हातानं गोळा करू लागला. वाऱ्याच्या यंत्राची काच उष्णतेनं काळी पडली होती. ते तेव्हाच गेलं होतं, धानात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग दादानं जे केलं त्यावरून त्याला आयुष्यभर वेड्यात काढलं गेलं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, त्याचे दोन कॅन त्यानं मागवले. यंत्रं घेऊन आम्ही बोटीपाशी गेलो, कारण वायरी तिथेच तपासायच्या होत्या. पाळीवर परातीत सर्किट ठेवायचं, वरून ते पाणी सोडायचं, मऊ ब्रशनं चिखल काढायचा, पुन्हा पाणी, मग स्पिरिट, मग पुसून दिव्याच्या उबेत सावकाश वाळवायचं. पाण्यानं घाण आणली, ती पाण्यानंच न्यायची, असं त्याचं साधं शास्त्र. मी कॅन धरून पाणी सोडत होते. नेमके तेव्हाच साहेब गाडीतून उतरले. भिजलेल्या यंत्रावर माणूस आणखी पाणी ओततो आहे हे बघून त्यांचा तोल गेला. "पागल है क्या ये आदमी?" सगळ्यांसमोर. दादा उठला नाही. खालूनच म्हणाला, "साहेब, आंग चिखलानं भरलं तं आधी धुता का आधी वाळवता?" लोक हसले. ते हसणं साहेबांनी मनात ठेवलं. तेव्हा मात्र दुसरा मेकॅनिक नव्हता, म्हणून मुकाट गाडीत जाऊन बसले.

दिशेचं यंत्र दुसऱ्या दिवशी ठणठणीत सुरू झालं. खोलीच्या यंत्रावरही आकडा आला आणि पाळीवर टाळ्या पडल्या. दादानं टाळी वाजवली नाही. तो सोमाला म्हणाला, चल, बोट बाहेर काढ. मीही बसले. सोमानं आपला लांब बांबू घेतला. काठापाशी बांबू कमरेइतका बुडला, यंत्र म्हणे चार मीटर. मधोमध बांबू सगळा बुडला तरी तळ लागेना, यंत्र म्हणे चार मीटर. खुंटांच्या जागेच्या कडेकडेनं गेलो, बांबू खट्‌कन आपटला... यंत्र म्हणे चार मीटर. दादानं फळ्या उचकटल्या. बोटीच्या पोटात, जिथे पाणी साचतं नेमकं तिथेच, तळाकडून येणारी वायर मधे जोडलेली होती, साध्या काळ्या टेपनं! बसवणाऱ्यांनी वायर कमी पडली म्हणून जोड दिला आणि मोकळे झाले. टेप उलगडली तर आत तांब्याचं हिरवं पीठ झालेलं. दादानं मला समजावलं, हे यंत्र पाण्यात आवाज सोडते, तळावरून आवाज परत आला की अंतर मोजते. आवाज परतच नाही आला तर शेवटचा आकडा धरून बसते. बिनजोडाची नवी वायर पाहिजे होती, ती मुंबईहून यायला पंधरा दिवस. पाहुणे परवा येणार.

त्या संध्याकाळी दादानं चिठ्ठी सांगितली आणि मी लिहिली. माझ्या वळणदार, शाळेतल्या अक्षरात. काय सापडलं: चिखल, कोंडा, वायरीचा जोड सडलेला. काय केलं: धुतलं, वाळवलं, दिशेचं चालू. तिसरी ओळ: पाण्याच्या खोलीचा आकडा खोटा आहे, वायर बदलल्याशिवाय याच्या भरवशावर बोट नेऊ नये. चिठ्ठी दादानं यंत्राच्या मानेला बांधली आणि साहेबांना तोंडानंही सांगितली. मी शेजारी उभी होते. साहेबांनी चिठ्ठी बोटानं उलटी केली, मागे कुणाच्या तरी लग्नाचा गणपती होता, आणि म्हणाले, पाहुण्यांसमोर हे असलं लोंबकळताना बरं दिसत नाही. पाहुणे आले त्या सकाळी दोरा तोडलेला होता.

बोट निघाली. सोमा सुकाणूवर. मी पाळीवरून पाहत होते. साहेबांनी खुंटांच्या अंगाला वळायला सांगितलं तेव्हा सोमा म्हणाला, साहेब, तिकडं नोको जाऊ, खुंट हायेत. साहेबांनी यंत्राच्या काचेवर बोट ठेवलं, दिसत नाही का, चार मीटर पाणी आहे. हे सोमानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. बोट गेली, खाली दणका बसला, पोट फाटलं, कलंडली, आणि पाहुणे छातीभर पाण्यात, खुंटाला धरून उभे. माणूस मेला नाही हे नशीब. डोंगे गेले आणि सगळ्यांना घेऊन आले.

मग चौकशी. बोट फुटली तर कुणीतरी दोषी पाहिजेच ना. धानात यंत्र भाजणारा नाही, टेपनं जोड देणारा नाही, चिठ्ठी तोडणारा तर नाहीच नाही! अहवालात ओळ आली ती अशी: स्थानिक कारागिराने उपकरणांवर पाणी ओतल्याने ती निकामी झाली. पाणी ओतताना शंभर लोकांनी पाहिलं होतं, ते खरंच होतं. सोमाचा जबाब घेतला, पण तो म्हणे अशिक्षित, त्याला यंत्रातलं काय कळतं. चिठ्ठी? कसली चिठ्ठी? कुठे आहे?

चौकशीवाले मला भेटायला आले. चिठ्ठी तुमच्या अक्षरातली होती असं सोमा सांगतो, खरं का? मी तेव्हा देवरीच्या पुढे जंगलातल्या शाळेवर होते. दोन लेकरं सासूकडे, मी आठवड्याला घरी. जवळच्या शाळेत बदलीचा कागद वर पोचलेला होता, सहीपुरता थांबलेला. आमचे मुख्याध्यापक आदल्या दिवशीच म्हणाले होते, मॅडम, कशाला भानगडीत पडता, भाऊ काही फासावर जात नाही. सगळी कारणं सांगून झाली. आता मी जे म्हणाले ते लिहिते.

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

आठवत नव्हतं? अक्षर न्‌ अक्षर आठवत होतं! आज इतक्या वर्षांनी वर लिहिलं ते कुठून लिहिलं मग? साहेब खोटं बोलले ते आपली खुर्ची वाचवायला, ते परके होते. मी कोण होते? ज्या बापानं उपाशी राहून अक्षर शिकवलं, त्या अक्षराला मी ओळख दिली नाही. बदली झाली नाहीच, आणि झाली असती तरी काय. मला साहेबांचा राग येतो, सरपंचांचा येतो, मान हलवणाऱ्या गावाचा येतो, पण सगळ्यात जास्त त्या बाईचा येतो जी त्या दिवशी खुर्चीत बसून पदराचं टोक गुंडाळत होती.

दादानं मला एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा चहा मागवला, लेकरांना जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दिले, सगळं पहिल्यासारखं. फक्त चिठ्ठी लिहायला त्यानं मला परत कधी सांगितलं नाही. मी पेन उघडून बसले होते. तो म्हणाला, "राहू दे शीले, मी लिहितो," आणि आपल्या त्या उकरलेल्या अक्षरात लिहायला लागला. तेव्हापासून मरेपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच हातच्या. सरकारी कामं त्याच्याकडे यायची बंद झाली. शाळांचे टीव्ही, ग्रामपंचायतीचा माईक, सगळं गोंदियाला जाऊ लागलं. 'पाणी टाकणारा' असं नावच पडलं. पोरं दुकानासमोरून जाताना ओरडायची, यशवंतमामा, पाणी टाकू का? तो हसायचा. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

कार्यक्रमानंतर वहिनीनं दुकान आवरायला मला बोलावलं. टेबलाच्या वर, फळीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं ते खोलीचं यंत्र होतं. बोट भंगारात गेली तेव्हा सोमानं ते काढून दादाला आणून दिलं होतं, म्हणे दरवर्षी उन्हाळ्यात दादा ते उघडून बघायचा. खालच्या बाजूला नवीकोरी वायर, अखंड, एकही जोड नाही. दोऱ्याला चिठ्ठी, दादाच्या अक्षरात. काय सापडलं: जोड. काय केलं: वायर बदलली, सोमाच्या बांबूसंगं बारा जागी मोजून पाहिलं, बाराही बरोबर. आणि तिसऱ्या ओळीची जागा कोरी होती. पंचवीस वर्षांत दादाची अशी चिठ्ठी मी पाहिली नव्हती. मी तिथे जमिनीवरच बसले. वहिनी म्हणाली, "तुमाले दाखवाचं होतं त्याइले. म्हणत, शीला आली का दाखवीन. मंग तुम्ही येत, आन्‌ ते ठेवून देत फळीवर."

सोमाला बोलावून घेतलं. म्हातारा झालाय आता. दादाची बॅटरी जोडली, यंत्र डोंग्यात ठेवलं, वायरीच्या टोकाचा आवाज सोडणारा भाग हातानं पाण्यात धरला आणि आम्ही खुंटांच्या जागेवर गेलो. सोमानं बांबू टाकला. यंत्राचा आकडा उतरत उतरत बांबूवर ओल होती तेवढ्यावर येऊन थांबला. सोमा नुसता नाक पुसत राहिला.

परत आल्यावर दादाच्या खणातून एक पत्रिका घेतली, तिची पाठ कापली आणि ती जुनी चिठ्ठी पुन्हा लिहिली. चिखल, कोंडा, सडलेला जोड. धुतलं, वाळवलं. आकडा खोटा आहे, याच्या भरवशावर बोट नेऊ नये. तेच वळणदार अक्षर. दादाच्या चिठ्ठीशेजारी, यंत्राच्या मानेला ती बांधली. दुकान आता वहिनी रोज सकाळी उघडून झाडते, यंत्र टेबलावर समोरच ठेवलं आहे, सरपंचांसकट कुणीही येऊन वाचावं. तीन ओळींखाली त्या वेळी काही लिहिलेलं नव्हतं. या वेळी लिहिलं आहे: हे मी लिहिलं होतं, मला आठवतं. शीला, यशवंतची बहीण.